शेऱ्याच्या रकान्यातली स्वप्नं

लातूर,
८ जुलै २०१३

प्रिय शिवगंगा मावशी,

लांबूनच पाया पडते. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहून राहिली, असं तू संगप्पाकाकांना विचारशील, म्हणून आधीच सांगते. हा माझा अभ्यास आहे.

मी दर शनिवार-रविवार नांदेडला जाते, ते आईनं तुला सांगितलंच असेल. समुपदेशक, नर्स, आरोग्यसेविका अशा लोकांसाठी तिथं कथन-उपचाराची पदव्युत्तर पदविका आहे. माणूस स्वतःची जी गोष्ट सांगत असतो ती नीट ऐकायची, आणि तिच्याखाली दबलेली दुसरी गोष्ट त्याची त्याला सापडू द्यायची, असं काहीसं. आई म्हणते, "लोकांच्या गप्पा ऐकायला कॉलेज कशाला लागतं?" तू तरी असं म्हणू नकोस गं. आमच्या सौदामिनी मॅडमचा एक कडक नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारून लिहायचं, आणि लिहिलेलं आधी त्यालाच वाचून दाखवायचं. शिवाय पत्रं हातानं लिहायची. पत्र माणूस जपून ठेवतो, म्हणतात.

आता मुद्द्याचं. मी ज्या क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर समुपदेशक म्हणून नोकरीला आहे, तिथं केवळाबाई नावाची स्वयंपाकीण आहे. साठ मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या, पलंगाशेजारच्या भिंतीवर सूत्रं चिकटवून झोपणाऱ्या. केवळाबाईच्या पोळ्यांना तोड नाही, आणि तिचं कुणाशी भांडण नाही. फक्त रोज सकाळी पोहे वाढताना ती प्रत्येकीला विचारते, "काय सपान पडलं गं?" मुलगी सांगायला लागली की हातातला डाव तसाच धरून ऐकत उभी राहते. मग विचारते, "त्यात एखादी बारकी पोरगी होती का? सहा वर्साची?" मुलगी नाही म्हणाली की पुढच्या ताटाकडं जाते.

आधी मुलींना गंमत वाटायची. उर्वी नावाची एक मुलगी तर मुद्दाम उठल्या उठल्या स्वप्न लिहून ठेवायची, बाईंना सांगायला. आता काही जणी भितात. एकीच्या वडिलांनी तक्रार केली आणि आमचे व्यवस्थापक राघवेंद्र सर मला म्हणाले, "मॅडम, गणपती उठेपर्यंत बाईंचं काय ते बघा, नाही तर मी दुसरी बाई बघतो." केवळाबाईला दुसरं घर नाही. ती होस्टेलच्याच मागच्या खोलीत राहते. ही जागा गेली तर जाणार कुठं?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. भूकंपात तिची सहा वर्षांची सोजर गेली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये एका शिस्टरनं येऊन तिला सांगितलं, की सोजर माझ्या स्वप्नात आली होती. "देगलूरकडची शिस्टर. शिवगंगा नाव. लई गोड बोलायची." मावशी, मी उडालेच! गोड बोलायची म्हटल्यावर एकदा शंका आली, पण बाकी सगळं तूच.

तिला ते स्वप्न पुन्हा तुझ्याच तोंडून ऐकायचंय. निम्मं विसरून गेलंय म्हणते. येशील का एक दिवस? ते ऐकलं की तिचं हे शोधणं थांबेल, असं मला वाटतं. हे पत्र तिला वाचून दाखवलंय. तिचा निरोप आहे, "म्हणावं, केवळा जिती हाय."

तुझी,
तनुजा

---

देगलूर,
१६ जुलै

चि. तनु,

खूप शीक, पण वेळेवर जेव. पोस्टमननं दारातून हाक मारली, तर तुझे काका कोर्टाचा कागद आला म्हणून मागच्या दारानं बाहेर पडले. पत्र तुझं आहे म्हटल्यावर आले परत.

आणि मी गोड बोलायचे बरं का. चाळीस वर्षांची होते तेव्हा. तुझ्या काकांबरोबर राहून अशी झाले.

तुझ्या मॅडमना सांग, हे तुमचं गोष्टी ऐकायचं काम आम्ही विनापदवीचं केलंय. किल्लारीच्या पलीकडं माझं उपकेंद्र होतं. भूकंपानंतर सगळं गाव माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वारा सुटला की सगळे पत्रे एकदम बोलायला लागायचे. मी वही घेऊन शेड-शेड फिरायचे. ताप, जुलाब, बीपी, कुणाला गोळी दिली, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. लोक गोळी हातात घ्यायचे आणि गिळायच्या आधी स्वप्न सांगायचे.

तेव्हा तिथं असं झालं होतं, की गेलेली माणसं भलत्याच्याच स्वप्नात यायला लागली. त्यात नवल काय? गाव होतं तेव्हा त्यांना गल्ली ठाऊक होती, दार ठाऊक होतं. आता सगळीकडं सारखे पत्रे आणि वर सरकारी नंबर. गेलेल्या माणसाला शेड नंबर कोण सांगणार? सापडेल त्याच्या झोपेत शिरायचं बिचारं. मग लोकांनीच ठरवलं, की ज्याला स्वप्न पडलं त्यानं ते ज्याचं आहे त्याला नेऊन पोचवायचं. ठेवून घ्यायचं नाही. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणी म्हातारं, ते मला सांगायचे. मी शेऱ्यात लिहून घ्यायचे आणि पुढच्या फेरीत पोचवायचे. दगडोबा म्हणून एक होता, त्याची आई पार दुसऱ्या टोकाच्या बाईच्या स्वप्नात येऊन सांगून गेली, शेळीला पाणी पाज. शेळी पण गेली होती भूकंपात. तरी त्यानं एक घमेलं भरून शेडच्या दाराशी ठेवलं, आणि रोज ठेवायचा.

मोठे डॉक्टर तपासणीला आले तर वहीत लाल पेननं मारलं, "हे काय?" मी म्हटलं, साहेब, रुग्णाची तक्रार.

केवळा जिती आहे हे वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण इतकी स्वप्नं पोचवली, एकेक कुठं ध्यानात राहतं? आणि माझं येणं जमायचं नाही. गुडघे धरलेत, पाऊस आहे, काकांना चहासुद्धा करता येत नाही. तू तिला चार चांगले शब्द सांग. शिकतेस ना तेच?

मावशी

---

लातूर,
२६ जुलै

मावशी,

तुझं पत्र मी केवळाबाईला वाचून दाखवलं. दगडोबाच्या घमेल्यापाशी हसली. "हाव, हाव, त्यो तसाच होता!" मी इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

तिला जेवढं आठवतं तेवढं मी लिहून घेतलंय. सोजर पाण्याच्या काठाला बसलेली, पाय हलवत. अंगात पिवळं पोलकं. तुला म्हणाली, "आईला सांग, मला काय लागलं न्हाई. मी झोपेतच हुते." त्याच्यापुढं अजून काही होतं म्हणते, पण काय ते हातातून निसटलंय. मला म्हणाली, "शिस्टरला सगळं आठवंल. तिनं बघितलं न्हवं का!"

आमच्या अभ्यासात असं आहे, की त्रास म्हणजे माणूस नव्हे. त्रासाला वेगळं नाव द्यायचं, म्हणजे त्याच्याकडं लांबून बघता येतं. मी मोठ्या ऐटीत केवळाबाईला विचारलं, तुमच्या त्रासाचं नाव काय ठेवू या? ती माझ्याकडं बघतच राहिली. "तरास? सोजर हाय की नाव तिचं." माझी वहीच मिटली.

होस्टेल हल्ली मला सकाळी वेगळंच दिसतं. साठ मुली अर्धवट झोपेत रांगेत उभ्या, आणि ताटागणिक एकेक स्वप्न. उर्वीला परवा स्वप्न पडलं, की प्रश्नपत्रिका कोरी आहे आणि कागदावरून नदी वाहून राहिलीय, आणि पर्यवेक्षक होडीतून पुरवण्या वाटतोय. केवळाबाईनं विचारलं, "काठाला कुनी बसलं होतं का?" उर्वी म्हणाली, मी नीट बघितलं नाही. तर ही म्हणते, "उद्या बग."

मावशी, तुझी ती वही अजून आहे का? शेऱ्याची? त्यात असेलच की लिहिलेलं. पाठवशील?

तनुजा

---

देगलूर,
६ ऑगस्ट

तनु,

वही माळ्यावर होती. काका लातूरला लग्नाला येतायत, त्यांच्या हाती देते आहे. कव्हर गेलंय, पानं जपून उलट. बघून झाली की परत पाठव.

येण्याबद्दल तेवढं मला परत लिहू नको.

मावशी

---

लातूर,
१७ ऑगस्ट

मावशी,

रागावलीस का? एवढं छोटं पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील.

वही तीन दिवस माझ्या टेबलावर आहे आणि मी दुसरं काही करू शकले नाही. केवढं बारीक अक्षर तुझं! ताप १०१, गोळ्या ६, आणि शेजारी, "हिच्या स्वप्नात शेड ८८ चे आजोबा आले, छत्री विसरली म्हणाले." "याच्या स्वप्नात सगळी गल्ली जागेवर होती, फक्त दारं उलट्या बाजूला." "हिला रोज कुणाचं तरी लग्न दिसतं, नवरी कोण ते कळत नाही, सगळ्या शेडमध्ये विचारून झालं." आणि एका लहान मुलाच्या नावापुढं, "स्वप्नात पाऊस पडतो पण भिजत नाही." वाचताना मला कळेना, की मी जागी आहे की त्या माळावरच्या कुणाच्या तरी झोपेत बसलेय.

एक्केचाळीस स्वप्नं आहेत. मी दोनदा मोजली. सोजरचं त्यात नाही.

केवळाबाईचं नाव आहे, पुष्कळदा आहे. "जेवत नाही." "जेवत नाही." "ग्लुकोज दिलं." मग एका दिवशी, "आज भाकरी खाल्ली." त्या दिवशीचा शेरा मात्र कोरा.

मला तिला सांगावं लागलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "बाकी समद्यांची हाईत, माझ्याच पोरीचं न्हाई?" आणि तिचा चेहरा असा उतरला, की मला वही आणवल्याचा पश्चात्ताप झाला.

मावशी, एक बोलू? त्या गावाच्या आठवणीनं तुला त्रास होतो, म्हणून तू यायला नको म्हणतेस, हे माझ्या ध्यानात आलंय. तू इतक्यांची दुःखं वाहिलीस, तुझं कुणी ऐकलंच नाही. पण निदान ते स्वप्न पत्रात लिहून पाठव. आठवेल तेवढं. मी वाचून दाखवते. राघवेंद्र सरांनी काल दुसऱ्या एका बाईला स्वयंपाकघर बघायला आणलं होतं. केवळाबाईनं तिला चहा करून दिला आणि विचारलं, "तुमाला काय सपान पडतं?" मला रडू आलं गं.

तनुजा

---

देगलूर,
२८ ऑगस्ट

तनु,

हे पत्र केवळाला वाचून दाखवू नको. मॅडमचा नियम राहू दे बाजूला.

माझं कुणी ऐकलं नाही वगैरे जे तू लिहिलंस ते फार छान लिहिलंस, आणि सगळं चुकीचं. मला गावाची भीती नाही. मला केवळाची भीती वाटते.

सोजर माझ्या स्वप्नात आली नव्हती.

वाचलंस? परत लिहायला लावू नको. सगळ्या शेडमध्ये मी कुणाचं ना कुणाचं काही पोचवत होते, आणि केवळा रोज दारात बसून मला विचारायची, "शिस्टर, माझी काय खबर?" पोस्टमनला विचारावं तसं. मी रोज न्हाई म्हणायचे. तिनं खाणं सोडलं. ग्लुकोज लावलं तर सुई काढून टाकायची. मला वाटलं, ही काही राहत नाही. एक दिवस तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, हो, आली होती. मग काय, पुढचं रचावं लागलं. मी सोजरला कधी बघितलंसुद्धा नव्हतं. ट्रकमधून वाटपाचे कपडे आले होते, त्यात वर एक पिवळं पोलकं होतं, तेच घातलं तिच्या अंगात. पाणी मिरजेच्या बाजूचं कुठलं तरी आठवून घातलं, मी ट्रेनिंगला तिथं होते. लागलं नाही, झोपेतच होते, हे मात्र विचार करून घातलं. आईला तेच ऐकायचं असतं.

ती जेवली. माझ्यादेखत भाकरी खाल्ली. मी शेरा कोरा ठेवला, कारण त्या वहीत मी खोटं कधी लिहिलं नाही. आणि तेव्हापासून मनाशी म्हणत आले, की शिवगंगे, तुझ्या हातून आयुष्यात काही झालं असेल-नसेल, एक बाई तू वाचवलीस.

आता तुला काय लिहून पाठवू? पुढं काय सांगितलं होतं ते मला आठवत नाही. पडलेलंच नाही तर आठवणार कसं? नवीन रचलं आणि तिच्या ध्यानातल्याशी जुळलं नाही, तर ती एका क्षणात ओळखेल. आणि खरं सांगितलं, तर तिच्याजवळ लेकीचं तेवढंच एक आहे, तेही मी काढून घेणार. पोर दुसऱ्यांदा जाईल तिची. हे माझ्यानं होणार नाही. जागा गेली तर तिला इकडं आण. मी ठेवून घेते, दोन घास जड नाहीत मला. पण समोर बसून सांग म्हणू नको.

मावशी

---

लातूर,
३ सप्टेंबर

मावशी,

तुझ्या पत्राला पहिलं उत्तर लिहिलं ते फाडलं. त्यात मी तुला लिहिलं होतं, की पुन्हा रच. पिवळं पोलकं, पाणी, एवढं तर आहेच, पुढचं आपण दोघी मिळून जुळवू. माझ्या हातानं लिहिलं मी हे! आणि वर पदविका घेणारेय.

खरं सांगू, आधी तुझा राग आला. मग वहीतलं ते "जेवत नाही, जेवत नाही" पुन्हा वाचलं आणि राग कुठं ठेवायचा ते कळेना. मी तिथं असते तर मीही तेच बोलले असते.

नावं न सांगता मी मॅडमना विचारलं. मला वाटलं, त्या काही तोडगा देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ही गोष्ट कुणाची आहे?" परतीच्या गाडीत मी तेच घोकत बसले. शेवटी उत्तर एकच निघतं गं. सोजर केवळाबाईची आहे. तिच्याबद्दल खरं काय, खोटं काय, हे आपण दोघींनी पत्रापत्री करून ठरवायचं आणि तिनं बाहेर बसून पोळ्या लाटायच्या, हे बरोबर नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. पण पोस्टमनला तीच भेटली होती. "शिस्टरचं आलं? वाच." मी म्हटलं, मावशी स्वतःच सांगणार आहेत. मला वाटलं ती नाराज होईल. तर म्हणाली, "बरं हाय. येऊ दे तिला. मलाबी तिला येक इचारायचंय." काय विचारायचंय ते मला सांगत नाही. मी दोनदा विचारून बघितलं.

मावशी, ये. तिचं सगळं मोडेल अशी तुला भीती आहे, मलाही आहे. तरी ये.

तनुजा

---

देगलूर,
१० सप्टेंबर

तनु,

शनिवारी, १४ तारखेला येते. उदगीरला गाडी बदलेन, दुपारपर्यंत पोचेन. तू नांदेडला असशील ते माहीत आहे, म्हणूनच शनिवार. तू समोर असलीस तर मी तुझ्याकडंच बघून बोलेन.

काकांना चहा शिकवलाय. पितायत बिचारे.

मावशी

---

देगलूर,
१९ सप्टेंबर

चि. तनु,

फोनवर तू किती वेळा विचारलंस, आणि मी किती वेळा म्हटलं, पत्रात लिहिते. आता लिहिते. हे मात्र केवळाला वाचून दाखव. ती म्हणेल ते काढ, ती म्हणेल ते ठेव, आणि मगच तुझ्या मॅडमकडं ने.

मी पोचले तेव्हा तुमच्या हॉलमध्ये गणपती होता आणि मुलींनी त्याच्यापुढं आपली पुस्तकं रचून ठेवली होती, मोदकाला जागा नव्हती. सगळ्या क्लासला गेलेल्या. केवळा स्वयंपाकघरात होती. केस पांढरे झालेत, पण हात तेच. मला बघून म्हणाली, "शिस्टर, लई जाड झालाव की!" तेवढ्यानं माझा अर्धा जीव भांड्यात पडला. चहा दिला. समोर पाटावर बसली. मी सबंध वाटेत वाक्य जुळवत आले होते, ते तोंडाशी आणलं, तर म्हणाली, "थांबा. आदी मला इचारू द्या. इस वर्सं झाली."

आणि तिनं विचारलं, "सोजर तुमच्याकडं कामून आली? तुमी तिला काय दिलतं?"

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं. गणपतीत ती दोन दिवस माहेरी गेली होती. सोजरला यायचं होतं. तिला ताप होता म्हणून हिनं आजीपाशी ठेवली. पोरगी रुसली, भिंतीकडं तोंड करून बसली, आई निघाली तरी वळून बघितलं नाही. ही पण घाईत होती. म्हणाली, राहू दे, आल्यावर काढू समजूत. आणि मग भूकंपाची ती पहाट झाली.

"म्या म्हनलं, सपनात तरी यील. समद्यांची येत होती. आली ती तुमच्याकडं. तुमी सांगितलं तवा मी भाकर खाल्ली, पर घशाखाली उतरंना. म्हनलं, परक्या बाईकडं गेली, आईकडं न्हाई आली. अजून रुसलीच हाय. आन ते पिवळं पोलकं. तिला पिवळं पोलकंच नव्हतं, शिस्टर. म्हनलं, या बाईनं दिलं आसंल, म्हनून तिच्याकडं गेली." आणि तुमच्या मुलींना ती का विचारते, माहीत आहे? तिला वाटायचं, सोजर परक्यांच्याच झोपेत जाते. तर या साठ जणींत कधी तरी एकीकडं येईल, आणि ती मुलगी तिला सांगेल, की आईवरचा राग सोड.

तनु, "आज भाकरी खाल्ली" एवढं वहीत लिहून मी मोकळी झाले होते. त्या घासाबरोबर तिनं काय गिळलं ते मी बघितलंच नाही. तुझ्या अभ्यासात याला काय म्हणतात मला माहीत नाही, मला स्वतःची लाज वाटली. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "केवळा, सोजर माझ्याकडं आली नव्हती. मी खोटं बोलले."

तिनं विचारलं, "बिलकुल न्हाई?"

"न्हाई."

"मग ते पोलकं?"

"ट्रकमधल्या कपड्यांत होतं. मी मनानं घातलं."

"आन दुसऱ्या कुनाकडं? वहीत?"

"वहीत एक्केचाळीस आहेत. तुझ्या तनुजानं दोनदा मोजली. सोजर कुणाकडंच गेलेली नाही."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी ती उठली नाही, मीच गॅस बंद केला. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी कुनाकडंच न्हाई गेली. मला टाकून कुनाकडंच न्हाई." आणि पदर तोंडात धरून अशी रडायला लागली, की मला वाटलं हिला मी मारली. जवळ गेले तर मला ढकललं. मग बोलायला लागली. काय काय बोलली ते मी इथं लिहीत नाही, तिला ऐकून वाईट वाटेल, पण मला सटवी म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. "इस वर्सं म्या माझ्या लेकराला रुसकी म्हनले. ती इस वर्सं कोन देतं मला?" मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "ते नगं. गुडघे दुखतेत तुमचे. पोळ्या लाटा."

मग आम्ही साठ मुलींच्या पोळ्या केल्या. मी लाटल्या, तिनं भाजल्या. आणि ती सगळी दुपार सोजरबद्दल सांगत होती. वीस वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं, की तुझी मुलगी होती कशी. ती शेंगदाण्याचं कूट चोरून खायची. तिला कावळ्याची भीती वाटायची, पण सापाची नाही. रागावली की अर्धा तास, बास. मग स्वतःच येऊन मागून गळ्यात पडायची. हे सांगताना केवळा मध्येच थांबली. "अर्धा तासच. त्याच्यावर कधी न्हाई," म्हणाली आणि पोळी करपली.

मी रात्री तिच्याच खोलीत राहिले. ती झोपली, घोरतसुद्धा होती. सकाळी तू आलेली नव्हतीस. मुली ताटं घेऊन रांगेत आल्या आणि तिनं नुसतेच पोहे वाढले. उर्वी असेल ती, चष्मेवाली, ताट घेऊन तिथंच थांबली. केवळाला म्हणाली, "मावशी, माझं स्वप्न?" केवळानं तिच्याकडं बघितलं. "सांग की. मी काय इचारत न्हाई, पर तुला सांगायचं तर सांग." ती मुलगी सांगत राहिली आणि मागची रांग खोळंबली. तुझे राघवेंद्र सर हे सगळं दारातून बघत होते. मला म्हणाले, आपण कोण? मी म्हटलं, रिटायर्ड सिस्टर, तुमचं बीपी तपासू का, चेहरा लाल दिसतोय. बाईंची जागा एवढ्यात भरायची गरज नाही, असं ते स्वतःच म्हणाले. तरी तू त्यांच्याकडून लिहून घे.

स्टँडवर ती मला सोडायला आली. मी म्हटलं, केवळा, मला माफ कर. तिनं माझी पिशवी खिडकीतून आत दिली, कंडक्टरला सांगितलं, बाईचे गुडघे दुखतेत, उदगीरला हात देऊन उतरवा. गाडी सुरू झाली तशी खिडकीपाशी दोन पावलं चालत आली आणि मला दटावून म्हणाली, "आन शिस्टर, आता खरंच कधी तुमच्याकडं आली ना, तर ठिवून घेऊ नगा. माझ्याकडं धाडून द्या. खोली नंबर सांगा तिला."

मी हो म्हटलं.

तुझी मावशी,
शिवगंगा